रोज एक गोळी

माझ्यावर हसायचं असेल तर हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

लातूरच्या उन्हात आयुष्य काढून माझं व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटच्या आठ गोळ्या लिहून दिल्या. आमच्या कट्ट्यावरचे कदम गुरुजी आणि निवृत्त तलाठी गायकवाड, दोघांनाही त्याच. त्यांनी विचारलं, "सर, ही गोळी कशी घ्यायची?"

मी रसायनशास्त्राचा पीएच.डी., कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. पण त्या दिवशी, न तपासता, सांगून टाकलं. "रोज एक. बीपीच्या गोळीसारखी."

पाचव्या दिवशी डॉक्टरांचा कागद फायलीत लावताना नजर पडली. आठवड्यातून एक! ही गोळी जास्त झाली की रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीवर येतं. अन् दोन म्हातारे माझ्या भरवशावर रोज गिळत असणार. काय तोंड दाखवणार होतो मी त्यांच्या पोरांना?

तसाच पळत गुरुजींकडे गेलो.

"गुरुजी, किती गोळ्या झाल्या?"

"एकच की. रविवारी घेतली."

"मी तर रोज सांगितलं होतं ना?"

"हाव. म्हणूनच मेडिकलवाल्याला इचारून आलो."

तिथून गायकवाडांकडे. ते निवांत शेंगा फोडत बसलेले. "सर, तुमी सांगितल्यालं मी हिला सांगितलं. ही म्हणली, लई शिकल्याला माणूस हाय, एकदा डॉक्टरला फोन लावा."

अपमान वाटला का? छे, मी तर त्यांना मिठीच मारली. दोघंही वाचले होते. छाती काढून घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "सुमन, काळजी मिटली. कुणीच रोज घेतली न्हाई."

तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "अन् तुमी?"

मी खुर्चीत बसलो.

"पाच," मी म्हणालो.

सुमननं फोन केला तसं गायकवाडांनी मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम ठीक आहे. पण मी सांगेपर्यंत गोळी बंद, पुन्हा तपासू. आणि सर, यापुढे कागद वाचत जा."

तरी मी जिंकल्याच्या तोऱ्यातच बाहेर आलो. तिघांच्या किडन्या शाबूत होत्या, अजून काय पाहिजे?

गायकवाडांनी स्कूटरला किक मारली आणि मान वळवून म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. एकानं तरी तुमचं ऐकलं की."