चार बोटं वर

भिवंडीत एक्स-रे काढायला लागून मला आता बावीस वर्षं झाली. आमच्याकडे येणारे निम्मे लूमवर काम करणारे, खोकून बेजार झालेले. त्यामुळे दिवसभर माझं एकच भजन चालतं, "सांस लो. रोको. छोडो." नवरा म्हणतो, एक दिवस तू देवासमोर हात जोडशील आणि हेच म्हणशील.

माहेर जवळच्याच वळ गावचं. भाऊ तिथेच गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, त्याला एकच मुलगी. ती मला फोटोवाली आत्या म्हणायची. शाळेच्या लंगडीच्या संघात होती, आणि घरातसुद्धा दोन्ही पायांवर क्वचितच दिसायची. दहाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. खेळून दुखत असेल, उंची वाढतेय म्हणून दुखत असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, अति शहाणी ना मी! पण ती झोपेतून उठून रडायला लागली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे लिहून दिला आणि भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला.

आता जे सांगते ते मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. एक्स-रे काढताना मशीनमधून आधी उजेडाचा एक चौकोन अंगावर पडतो. जेवढा चौकोन, तेवढाच भाग फोटोत येतो, आणि तो लहानमोठा करणं माझ्या हातात असतं. गुडघ्याच्या फोटोत मांडीचं हाड बरंच वरपर्यंत घ्यायचं, हे आम्हाला शिकवलेलं आहे. परक्याच्या पोराचं मी घेतेच. पण ही माझी पोर. तिला उगाच जास्तीची किरणं कशाला, म्हणून मायेनं मी तो चौकोन आवळत आवळत तळहाताएवढा केला.

फोटो सुरेख आला. "काय न्हाय रे, हाड एकदम चकाचक हाय," मी भावाला म्हणाले. आमच्या सेंटरच्या डॉक्टरांनीही रिपोर्टात तेच लिहिलं. डॉक्टर फोटोत आहे तेवढंच वाचणार. फोटोत काय असावं ते मी ठरवलं होतं.

आमच्या घरात फोटोच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हाड चांगलं आहे म्हटल्यावर दुखणं वाताचं ठरलं. दर रविवारी वहिनी तिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर नेऊ लागली. देवीचं दर्शन घ्यायचं, तासभर पाण्यात पाय सोडून बसायचं, येताना भजी खायची. त्या दिवशी पोरीला बरं वाटायचं. एकदा मीही गेले होते. पाण्यात पाय हलवत ही बया मला म्हणाली, "आत्या, निम्मा गुडघा तुझ्या फोटोनं बरा केलाय, निम्मा देवी करंल." मी खूप हसले. तो रविवार आठवला की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

असे तीन महिने गेले. मग एकदा आंघोळ घालताना वहिनीला तिची मांडी एका बाजूनं फुगलेली दिसली. मी पुन्हा फोटो काढला, या वेळी कमरेपासून घोट्यापर्यंत. स्क्रीनवर हाड आलं. पहिल्या फोटोची कड जिथे संपत होती, तिथून चार बोटं वर हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं पोखरलेलं होतं.

पुढचं सगळं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. सुईनं तुकडा काढून तपासला. हाडाचा कॅन्सर, लहान मुलांना होतो तो. छातीच्या स्कॅनमध्येही डाग निघाले. भावानं तिथल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "तीन महिने आधी आणली असती तर?" बाई म्हणाल्या, "कदाचित फरक पडला असता. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

"पण तेव्हा फोटो काढला होता, मॅडम. त्यात काहीच नव्हतं," भाऊ म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

वर्षभर केमो चालली. केस गेले, तोंड सोलून निघालं. मांडीतलं हाड काढून तिथे धातूचं बसवलं. छातीतले डाग विरले आणि पुन्हा उगवले, आधीपेक्षा जास्त. शेवटी डॉक्टरबाईंनी केमो थांबवली. घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू, असं म्हणाल्या. वहिनी अजूनही रविवारी वज्रेश्वरीला जाते, आता एकटीच, आणि बाटलीत कुंडाचं पाणी घेऊन येते. तिला नको म्हणायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात पोरीला दम लागायला लागला. छातीचा एक्स-रे काढायचा होता. भाऊ ठाण्याला न्यायचं म्हणत होता, पण ती हटून बसली. "आत्याकडंच चला. आत्याच्या फोटोत काय येत न्हाय."

भावानं तिला उचलूनच आणलं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि उजेडाचा चौकोन होता तेवढा पूर्ण उघडला. काचेमागे जाऊन म्हणाले, "श्वास घे. रोख." बटण दाबलं. स्क्रीनवर दोन्ही फुप्फुसं आली, पांढऱ्या गोळ्यांनी भरलेली. मी बघतच राहिले. मान वर केली तेव्हा ती तशीच बसली होती, गाल फुगवून, लाल होऊन, डोळे माझ्याकडे लावून. मी सोड म्हणायला विसरले होते.

"सोड गं बाय, सोड!"

ती खूप वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "काय न्हाय ना, आत्या?"

भाऊ माझ्या शेजारी येऊन स्क्रीनकडे बघत होता. वर्षभरात असे फोटो त्यालाही वाचता येऊ लागले होते.

"काय न्हाय," मी म्हणाले.

"बघ, आत्यानं सांगितलं ना," तो तिला म्हणाला, आणि त्यानं तिला उचलून घेतलं.