बेरेकच्या चौकातलं पाणी

हंगेरीतल्या आमच्या बेरेक गावात, माझी नणंद पिरोश्का सहा वर्षांची असताना तिला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकलं. तपासायला आलेल्या बाईंनी फ्रिजचं चित्र दाखवून हे काय, असं विचारलं होतं. घरात वीज नव्हती, तर फ्रिज कुठून असणार? ती म्हणाली, "कपाट." तेवढ्यावर तिचं शिक्षण ठरून गेलं. शाळेच्या मागे, बॉयलरशेजारच्या खोलीत आम्हा रोमांच्या, म्हणजे पूर्वी कधीतरी हिंदुस्थानातून आलेल्या जिप्सींच्या, मुलांना बसवायचे आणि चटया विणायला लावायचे. वन्संना नीट वाचता यायला लागलं ते चाळिशी आल्यावर.

शिकवलं बौद्धांनी. शेजारच्या गावात आमच्यातल्याच काही जणांनी मोठ्या माणसांची शाळा काढली होती. भिंतीवर बुद्ध, आणि शेजारी चष्मा, कोट घातलेले हिंदुस्थानातले बाबासाहेब. वन्सं दिवसभर सरपंचाच्या हाताखाली रस्ते झाडायच्या आणि संध्याकाळी बसने तिकडे जायच्या. आल्या की बाबासाहेबांचंच सांगायच्या. त्यांनाही वर्गात बाजूला बसवत, पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत, आणि पुढे त्यांनीच देशाची घटना लिहिली.

"मग तू काय लिहिणार आहेस, ताई?" माझा नवरा झिगा त्यांना म्हणायचा. "झाडूने?"

झिगा त्यांचा धाकटा भाऊ. वन्संनी गळ्यातला क्रॉस काढून ठेवला तेव्हापासून त्याचा राग धुमसत होता. गावाखालच्या आमच्या रोमांच्या आळीत त्यांना 'बुद्धीणबाई' म्हणत, आणि ते काही प्रेमाने नव्हे. तरी त्यांनी स्वयंपाकघरात मुलांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. वरच्या गावातल्या हंगेरियनांपैकी कुणीतरी त्यांच्या दारावर रंगाने लिहून गेलं, 'हिंदुस्थानात परत जा.' वन्संनी दार पुसलं नाही. म्हणाल्या, मुलांना वाचायला एक वाक्य झालं.

मग त्या चार आयांना घेऊन शाळेत गेल्या. बॉयलरची खोली बंद करा, आमची मुलं सगळ्यांबरोबर बसवा, असं हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा बौद्धांच्या वकिलाने जिल्ह्यात तक्रार केली.

त्याच उन्हाळ्यात आळीतले हातपंप बंद झाले. आमच्या घरांत नळ नाहीत, पाणी रस्त्यावरच्या पंपाचं. वरचं गाव मात्र बागांना पाइपने पाणी घालत होतं. सरपंच दुदाश पाण्याची नासाडी होते म्हणाला. खरं कारण त्याने वन्संना झाडू हातात असतानाच सांगितलं.

"पिरोश्का, तक्रार मागे घे. पंप उद्या चालू होतील."

"आणि नाही घेतली तर?"

"तर तुझ्या लोकांना तूच समजाव."

संध्याकाळी सगळी आळी वन्संच्या दारात. बाळांचे लंगोट धुवायला पाणी नव्हतं, म्हाताऱ्यांचे घसे सुकले होते. सगळ्यात पुढे झिगा.

"तुझ्या बुद्धाला सांग पाणी सोडायला," तो म्हणाला. "एवढी वर्षं त्या खोलीत बसलो, मेलो का आपण?"

"मेलो नाही," वन्सं म्हणाल्या. "तुला तुझं नाव लिहिता येतं का, झिगा?"

सगळ्यांदेखत विचारलं. झिगा त्यांच्या दाराशी थुंकला आणि निघून गेला.

सकाळी वन्संनी दुधाची किटली घेतली आणि वरच्या गावाची वाट धरली. चर्चसमोरच्या चौकात एक पंप आहे, तो कधी बंद नव्हता. आमच्यातलं कुणी तिथे पाणी भरत नसे. तसा नियम कुठे नव्हता, पण हिंमत कुणाची नव्हती. वाटेत वन्संनी सांगितलं, बाबासाहेब एकदा हजारो लोकांना घेऊन एका तळ्यावर गेले होते, ओंजळभर पाणी प्यायले होते. आम्ही सहाजणी होतो. झिगाने मला जायला मना केलं होतं. मी गेले.

दारूच्या दुकानाच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, "जिप्सिणींनो, ते माणसांचं पाणी आहे." वन्संनी दांडा दाबला. किटली भरली आणि मग ओंजळ धरून प्यायला वाकल्या. बिअरचा जाड ग्लास येऊन त्यांच्या कानामागे लागला. रक्त मानेवरून ओघळलं. त्या तशाच वाकून प्यायल्या, मग बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "आता तू." मी ओंजळ धरली, निम्मं पाणी सांडलं, उरलेलं प्यायले. चर्चमधून बाहेर आलेल्या बायका बघत उभ्या राहिल्या. 

दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या माणसाने तो पंप क्लोरिनने घासून काढला. वन्संनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, त्या तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतलं होतं.

वन्संचं झाडायचं काम गेलं. ग्लास कुणी मारला, हे पोलिसांना अजून सापडलेलं नाही. पण जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात वन्संच्या रक्ताळलेल्या ब्लाउजचा फोटो आला, अधिकारी आले, आणि आळीतले दोन पंप चालू झाले. बाकीचे अजून गंजताहेत. पुढच्या निवडणुकीत दुदाशने आळीत सरपणाची लाकडं वाटली आणि आमच्याच मतांवर तो परत निवडून आला.

बॉयलरची खोली वर्षभराने बंद झाली. त्याच महिन्यात हंगेरियन आईबापांनी आपली मुलं शाळेतून काढली आणि दुसऱ्या गावच्या शाळेत घातली. आता सगळीच शाळा आमची आहे, आणि मास्तर मिळत नाहीत.

वन्सं शाळेची शेवटची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाल्या. गणिताने एकदा दगा दिला होता. निकाल घेऊन त्या झिगाकडे आल्या तेव्हा त्याने दार उघडलं नाही. मी मागच्या दाराने जाऊन त्यांना मिठी मारली. त्यांचा ब्लाउज घामाने भिजला होता. त्या रडत नव्हत्या, संतापलेल्या होत्या.

आता त्या त्याच शाळेत पहिलीला शिकवायला मदत करतात. सकाळी चौकात दुसऱ्या गावची बस उभी असते आणि आया आपल्या गोऱ्या मुलांना तिच्यात चढवत असतात. वन्सं त्यांच्यामधून वाट काढत जातात. कुणी बाजूला सरत नाही.