मॅम मेदींनी उशिरा सांगितलेलं नातं

आमच्या कॉलेजात दर बुधवारी दुपारी गावाच्या नाहीतर देशाच्या एखाद्या प्रश्नावर व्याख्यान किंवा वादविवाद असतो. मी त्याला जायचो ते केवळ नंतर मिळणाऱ्या नारळाच्या पातीतल्या गोड भातासाठी. मॅम मेदींच्या ते लक्षात आलं. “सर लुसिओ, खायला येता तर ऐकायलाही या,” म्हणाल्या, आणि मला तिसऱ्या रांगेत, नेमकं पंखा नसलेल्या जागी, बसवलं. तिथेच माझी बरीच वर्षं गेली. मी पदार्थविज्ञान शिकवतो. भाषणांचा मला राग येतो, तो अजून गेलेला नाही.

मॅम मेदी म्हणजे रेमेदियोस तुपास, राज्यशास्त्राच्या बाई. बुटक्या, किडकिडीत, आणि पायाला भिंगरी. नवरा जहाजावर होता, तो तिकडेच वारला. मुलगा नान्ते त्यांनी एकटीने वाढवला आणि हा बुधवारही एकटीनेच चालवला. वक्ता बोलत असताना त्या हातात घंटा घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालायच्या. वेळ संपली की घंटा, मग समोर बिशप असो नाहीतर पहिल्या वर्षाचं पोर.

त्यांचा एक नियम होता. तोंड उघडण्याआधी विषयाशी आपलं काय नातं आहे ते सांगायचं. उसावर बोलणारा सांगायचा, माझे काका साखर कारखान्यात मुकादम आहेत. एकदा जीपनीच्या, म्हणजे आमच्या वडाप गाड्यांच्या, भाड्यावर बोलायला उठलेल्या मुलीने सांगितलं, “माझं एका जीपनीवाल्यावर प्रेम आहे.” सभागृह हसून लोळलं. मॅम मेदींनी मात्र गंभीरपणे मान हलवली. “ऐकलं आम्ही. आता बोल.” आणि कोणी नातं लपवलं तर कोणीही उभं राहून विचारायचं, आधी का नाही सांगितलं? त्याने उत्तर द्यायचं आणि खाली बसायचं. त्या दिवशी त्याला पुन्हा बोलता यायचं नाही.

मे महिन्यातल्या निवडणुकीआधी किनाऱ्यावर भराव घालण्याचा वाद पेटला. कोळ्यांच्या होड्या जिथे लागतात तिथे बाजारसंकुल होणार होतं. मॅम मेदींनी दोन्ही उमेदवारांना बोलावलं: भरावाच्या बाजूचे मेयर दोदोय आणि विरोधातल्या वकीलबाई देल्फिना. दोघांनीही होकार कळवला आणि बाईंचं बिनसलं.

त्या आठवड्यात त्या सारख्या माझ्या प्रयोगशाळेत यायच्या. एखादं भिंग उचलायच्या, डोळ्याला लावायच्या, खाली ठेवायच्या. शेवटी एकदाचं ओठावर आलं. दोदोय नुसते नगरसेवक होते तेव्हा नान्तेच्या बाप्तिस्म्याला त्याचे धर्मपिता, आमच्याकडे म्हणतात तसे निनोंग, झाले होते. आणि नान्ते आता त्यांच्याच पाणीपुरवठा खात्यात हंगामी कामाला होता. सहा-सहा महिन्यांचा करार, तो जूनमध्ये संपत होता. घरात सून पोटुशी.

“सर, नातं सांगू की नको?”

“सांगा. नियम तुमचाच आहे.”

“सांगितलं आणि घंटा वाजवली, तर मेयरना वाटेल, नातं असून मी चारचौघांत तोरा मिरवला. नान्तेचं काय होईल मग?”

“मग नका वाजवू.”

“मग इतकी वर्षं काय केलं मी?”

“तर मग तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवा.”

“कोणाला, तुम्हाला? तुम्ही तर झोपता.”

“मी डोळे मिटून ऐकतो.”

“घोरत?” असं म्हणून त्या हसल्या, आणि पुन्हा तेच भिंग उचललं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढी तापट बाई, आणि एका माणसाच्या रुसव्याला इतकी भ्यायली होती.

त्या बुधवारी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नगरपालिकेचे हंगामी कामगार दोन जीपनी भरून आले होते, सगळे नारिंगी शर्टात. दुसऱ्या रांगेत नान्ते होता. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं. मॅम मेदी माइकपाशी गेल्या, तोंड उघडलं, मग वळून पाणी प्यायल्या आणि थेट वकीलबाईंचं नाव पुकारलं. नातं पोटातच राहिलं.

देल्फिनाबाई घंटा होताच वाक्य अर्धवट सोडून बसल्या. मग मेयर उठले. आधी एक प्रेमगीत म्हटलं, मग भरावाकडे वळले. वेळ संपली. घंटा वाजली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या कामगारांच्या मुकादमाने रुमाल वर केला आणि नारिंगी शर्टांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की घंटा ऐकूच आली नाही. मेयर बोलत राहिले. पुन्हा घंटा, पुन्हा रुमाल, पुन्हा टाळ्या. नान्तेही वाजवत होता, मान खाली घालून.

मॅम मेदी व्यासपीठावरून उतरल्या. घंटा वाजवत मधल्या वाटेने चालत आल्या, नान्तेच्या बाजूने त्याच्याकडे न बघता गेल्या, आणि रुमालवाल्याच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. घंटा चालूच. त्याचा हात आपोआप खाली आला. टाळ्या विरल्या.

मेयरनी हसत दोन्ही हात वर केले. “हरलो, मॅम. एवढी जोरात घंटा वाजवणाऱ्या बाईंचं नाव तरी कळू दे.”

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेकडो पोरांचे निनोंग ते, कोणाकोणाच्या आया लक्षात ठेवणार? जिच्या जिवाला आठवडाभर घोर लागला होता, तिचं नावही त्या माणसाला ठाऊक नव्हतं. बाईंनी नुसतं नाव सांगितलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं.

“रेमेदियोस तुपास,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाचे तुम्ही निनोंग आहात, मेयर. तो बघा, दुसऱ्या रांगेत, तुम्ही दिलेल्या शर्टात. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता सांगतेय.”

नान्तेची मानगूट लाल झाली. मला वाटलं, गेली पोराची नोकरी.

मेयर हात पसरून खाली आले. “अगं मारे, मग आधी सांगायचं नाही का? आपण तर घरचेच.” मारे, म्हणजे धर्मपुत्राची आई. आमच्याकडे चारचौघांत सांगितलेलं असं नातं कोणी झिडकारत नाही, आणि त्याचा उपयोग कसा करायचा हे मेयरना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी बाईंना मिठी मारली, नान्तेला ओढून जवळ घेतलं. फोटोवाले धावले. बाई घंटा छातीशी धरून खांबासारख्या ताठ उभ्या होत्या.

दोन दिवसांत कॉलेजच्या फाटकासमोर फ्लेक्स लागला. तिघांचा फोटो, खाली लिहिलेलं: मॅम मेदी, आमच्या मारे, आमच्या सोबत. देल्फिनाबाईंनी निरोप पाठवला की आमची माणसं आता तुमच्या सभागृहात येणार नाहीत. नान्तेचा करार मुदतीआधीच वाढला. तो भाजलेली कोंबडी घेऊन घरी गेला आणि आईला म्हणाला, “नानाय, उगाच घाबरत होतीस बघ.”

“सर, मेयर रागावले असते तर बरं झालं असतं,” बाई मला म्हणाल्या. “त्यांच्या रागाची तयारी केली होती मी. मिठीची नव्हती केली.” त्यांनी फ्लेक्स काढायला माणूस पाठवला होता. दुसऱ्या दिवशी तिथे मोठा फ्लेक्स लागला.

पुढच्या बुधवारी सभागृह अर्धं रिकामं होतं. बाई व्यासपीठावर चढल्या आणि पहिल्या वर्षाची ग्लायझा उभी राहिली. घाबरलेली होती, पण नियमाप्रमाणेच उठली होती.

“मॅम, मागच्या वेळी तुम्ही नातं शेवटी सांगितलंत. आधी का नाही सांगितलं?”

मला त्या पोरीला दटावून खाली बसवावंसं वाटलं. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“भीती वाटली, पोरी.”

“कशाची?”

“मुलाच्या नोकरीची. आणि तुला हे विचारावं लागलं, याची मला लाज वाटते.”

मग त्या खाली उतरल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचे पाय खुर्चीखाली सारखे हलत होते. व्यासपीठ रिकामं.

ग्लायझाला काय करावं ते सुचेना. “मॅम, मग आता सुरुवात कोणी करायची?”

“ज्याचं मेयरशी काही नातं नाही त्याने,” बाई म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्राचार्यांनी चष्मा पुसायला घेतला. ग्लायझाही हळूच खाली बसली. मीही उठलो नाही. माझ्या धाकट्या मुलीचे निनोंगही मेयरच आहेत.