डिंभ्याच्या पाण्यात मायलेकी

मागच्या उन्हाळ्यात डिंभ्याच्या युवा केंद्रात मी आठवडाभर मुलींना पोहायला शिकवलं. मुली तिथल्या धरणाच्या काठावरच वाढलेल्या, पण पोहायचे ते फक्त मुलगे. काठाजवळच्या उथळ पाण्यात आम्ही दोरी बांधली आणि सुरुवात केली. मी लहानपणापासून पोहते, त्यामुळे धाकधूक अशी नव्हतीच.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीची आई तरातरा आली. नवऱ्याबरोबर होडीतून मासे धरणारी बाई.

"ताई, पोरीला वर काढा. काय झालं तर?"

"मी आहे ना. पण तुमची होडी उलटली तर?"

"मागं उलटली व्हती. मालकांनी केस धरून वढलं, म्हणून वाचले."

"मग तू पण ये की," लेक पाण्यातूनच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती खरंच आली, लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालून. आधी नाकातोंडात पाणी गेलं, मग हळूहळू अंग तरंगायला लागलं. शेवटच्या दिवशी दोघी मायलेकी शेजारी शेजारी पोहत दोरीपर्यंत गेल्या.

"ताई, तुमी जावा बिनघोर," ती धापा टाकत म्हणाली. "बाकीच्या बायांना आमी शिकवू."

"आधी दम तर खा," मी म्हटलं.