मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये आईचा रुमाल

भारतातून आलेल्या आईवडिलांना अमेरिकेत काय दाखवायचं, याची आपल्या लोकांची एक ठरलेली यादी असते. आई यंदा चौथ्यांदा आली, तेव्हा आमची यादी संपलेली होती. डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधल्या आमच्या घरात ती सकाळी अंगणात चालायची, दुपारी इराच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, पँटची उंची कमी करून द्यायची, आणि कुठे जायचं विचारलं की म्हणायची, "घरी बरं आहे नं."

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात इरा जेवताना सांगत होती. सत्तर वर्षांपूर्वी अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात एका कृष्णवर्णीय बाईंनी बसमध्ये गोऱ्या माणसासाठी उठायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि त्यानंतर वर्षाहून जास्त काळ तिथले कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढलेच नाहीत, पायी चालले. आता त्या दिवशी, डिसेंबरच्या एक तारखेला, शहर बसमधली पुढची एक सीट रिकामी ठेवतात.

"होल डे, आज्जी. नोबडी सिट्स देअर."

"गर्दी असली तरी?"

"इव्हन देन."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "अनू, मला ती जागा पाहायची आहे."

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी सहली महिनाभर आधी आखते. ही चार दिवसांत आखली. पुढचं सगळं आईला विचारून लिहिते आहे. तिने मसुदा वाचला, दोन जागी दुरुस्ती केली आणि म्हणाली, "माझं नाव घालायला हरकत नाही, मेश्राम बाईंचं त्यांना विचारून घाल." विचारलं. त्या, म्हणजे आईच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, नुसतं आडनाव लिहा म्हणाल्या.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. नवऱ्याची ऑन-कॉल ड्यूटी होती आणि इराची परीक्षा, त्यामुळे आम्ही दोघीच. फ्रिस्को ते मॉन्टगोमेरी सुमारे साडेदहा-अकरा तासांचं ड्रायव्हिंग आहे. एका दिवसात होतं, पण सोबत बहात्तर वर्षांचे गुडघे असतील तर मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गला मुक्काम करा. डॅलसमधून पूर्वेकडे जाणारा वीस नंबरचा हायवे धरला की व्हिक्सबर्गपर्यंत विचार करावा लागत नाही. डबा होताच: धपाटे, लसणाची चटणी आणि आईने आदल्या दिवशी भाजलेले दाणे.

श्रीव्हपोर्ट मागे पडल्यावर आई बोलायला लागली. समोर बघत, संथपणे.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नागपूरहून एसटीने पंचावन्न मिनिटांचं गाव. तिच्यासोबत आणखी तीन शिक्षिका त्याच गाडीने जायच्या. आई स्टँडवर सगळ्यात आधी पोचायची, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना हे सांगायला नको. सीटवर रुमाल पडला की ती जागा झाली तुमची, त्यावर भांडण नाही. तिसऱ्या थांब्यावर मेश्राम बाई चढायच्या. त्याच शाळेत, पलीकडच्या वर्गावर. तो थांबा बौद्ध वस्तीचा होता.

"त्यांच्यासाठी मी कधी जागा धरली नाही," आई म्हणाली. "आठ वर्षं. बाजूला पिशवी असायची माझी. पिशवीत काय, डबा आणि तपासायच्या वह्या. त्या दांडा धरून उभ्या. आम्ही चौघी बसून गप्पा मारायचो. त्यांच्याशीही बोलायचो, वाईट नाही बोलायचो. पण पिशवी उचलली नाही."

मी पटकन म्हणाले, "आई, तेव्हा सगळेच तसं करायचे."

"सगळे म्हणजे कोण? मेश्राम बाई सगळ्यांत नव्हत्या का?"

पुढचे वीस मैल आम्ही दाणे खाल्ले.

मग उरलेलं कळलं. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुलैमध्ये मेश्राम बाईंचा नंबर आला होता. आईने तो तीनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. जानेवारीत ती परत जाणार. "तिकडे गेल्यावर माझा धीर होणार नाही," ती म्हणाली. "इथे असताना झाला तर झाला."

म्हणजे आम्ही सहलीला निघालोच नव्हतो. आई एका फोनसाठी बळ गोळा करत होती आणि मी तिला गाडीने नेत होते.

रविवारी सकाळी व्हिक्सबर्गला नदी पाहिली. रुंद, मातकट, अजिबात घाई नसलेली. हॉटेल एकशे पाच डॉलर, नाश्ता धरून. मेरिडियननंतर हायवे सोडून ऐंशी नंबरचा जुना रस्ता घ्या. वेळ थोडा जास्त लागतो, पण तो सेल्मावरून जातो. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना जिथे पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या, तो पूल तिथे आहे. पायी ओलांडायला दहा मिनिटं पुरतात. आई मध्यावर थांबली, कठड्यावर हात ठेवून खाली पाहिलं आणि म्हणाली, "चढ आहे गं. पलीकडे कोण उभं आहे ते इथे येईपर्यंत दिसत नाही." मी हजार फोटो काढणारी बाई, तिथे एकच काढला, तोही आईच्या पाठीचा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. दक्षिणेतल्या पालेभाज्या आणि चवळी बहुतेक ठिकाणी मांस घालून शिजवतात, आधी विचारा. तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड आणि ग्रिट्स मात्र बिनधास्त. ग्रिट्स चाखून आई म्हणाली, "मक्याच्या कण्यांची पेज आहे ही. याचे चार डॉलर?" पण वाटी पुसून खाल्ली.

सोमवार, एक तारीख. मॉन्टगोमेरीच्या जुन्या बाजारचौकात एक मोठं कारंजं आहे. त्याच्याजवळ सीटवरून न उठलेल्या त्या बाईंचा पुतळा आहे, खऱ्या माणसाच्या उंचीचा, जमिनीवरच उभा. चौथरा नाही, त्यामुळे मान वर करावी लागत नाही. आईला तेच सगळ्यात आवडलं. बाजूला टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसची वाट पाहत उभे होते. आम्ही पाहुण्या आहोत हे त्यांनी लगेच ओळखलं.

"पुतळ्यासाठी आलात?"

"बससाठी," मी म्हणाले.

ते हसले. "मग वेळापत्रक बघून यायचं. पुतळा काय, चोवीस तास असतो."

मी लाजले, कारण मी अमेरिकेत एकोणीस वर्षं राहते आणि शहर बसमध्ये चढायची माझी ही तिसरी वेळ. आमच्या घराजवळून बस जात नाही, आणि ती जात नाही हे माझ्या लक्षातही कधी आलं नव्हतं. सुटे डॉलर जवळ ठेवा, ड्रायव्हर मोड देत नाहीत. ज्येष्ठांना सवलत असते, वयाचा पुरावा बाळगा.

बस आली. ड्रायव्हर साठीकडे झुकलेल्या कृष्णवर्णीय बाई होत्या, केसांत पांढरी बट, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. त्यांच्या मागच्या पहिल्याच सीटवर फीत बांधलेली, पाठीवर पुतळ्यातल्या बाईंच्या फोटोचं कार्ड. आई समोरच्या आडव्या बाकावर बसली. गाडी सुरू झाली. दोन थांबे गेले. आईने पर्स उघडली, निळ्या काठाचा रुमाल काढला, उठली, आणि त्या रिकाम्या सीटवर नीट पसरून ठेवला.

माझं काय झालं ते प्रामाणिकपणे लिहिते. सगळं ठाऊक असून मला फक्त लाज वाटली. मागे आठ-दहा माणसं बसली होती, ती काय म्हणतील एवढंच मनात आलं. "आई, उचल तो," मी दबक्या आवाजात ओरडले. "ही आपली एसटी नाही. इथे काही ठेवायचं नसतं."

आई हलली नाही. ड्रायव्हर बाईंनी आरशात पाहिलं. "मॅम, ती सीट आज राखीव आहे. वस्तू ठेवू नका."

मी इंग्रजीत घाईघाईने खुलासा केला. आमच्याकडे असं रुमाल ठेवून जागा धरतात, वगैरे.

"जागा धरतात?" त्या हसल्या. "ही आधीच धरलेली आहे, हनी. आम्ही बरीच वर्षं धरून बसलोय. तुमची आई कोणासाठी धरतेय?"

"एका मैत्रिणीसाठी," मी म्हणाले.

आईला इंग्रजी नीट बोलता येत नसलं तरी समजतं. चौथीच्या वर्गाला अर्धं आयुष्य शिकवलेला तिचा आवाज बसभर ऐकू गेला. "फ्रेंड नाही. अनू, खरं सांग." मग तिने स्वतःच सांगितलं, ड्रायव्हर बाईंच्या पाठीकडे बघत. "शी स्टँडिंग. एट इयर्स. आय सिटिंग. आय नॉट गिव्ह."

बस सिग्नलला थांबली होती. मागे कोणीतरी कानातले इअरफोन काढले. ड्रायव्हर बाई आता आरशात बघत नव्हत्या, मान वळवून आईकडेच बघत होत्या.

"त्या आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हणाले. "भारतात. आईजवळ नंबर आहे."

"मग हे मला कशाला सांगताय?"

आवाजात राग नव्हता. पण "असू द्या, झालं ते झालं"सुद्धा नव्हतं, आणि मी नेमकी त्याचीच वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. सिग्नल हिरवा झाला. त्या पुढे बघून म्हणाल्या, "पुढच्या थांब्यापर्यंत राहू द्या रुमाल. मग उचला."

पुढच्या थांब्यावर आईने तो उचलला, चौकोनी घडी घातली. उतरताना ड्रायव्हर बाई एवढंच म्हणाल्या, "फोन करा, मॅम." आई म्हणाली, "येस, टीचर." का कोण जाणे.

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने, पुन्हा व्हिक्सबर्गला थांबत. व्हिक्सबर्गचे जाता-येता दोन मुक्काम, मॉन्टगोमेरीचा एक, पेट्रोल आणि खाणं मिळून साडेपाचशे डॉलरच्या आत सगळं झालं. मंगळवारी संध्याकाळी घरी.

बुधवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, आईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन लावला. मला बसायला सांगितलं. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"कोण बोलून राहिलं?"

"मी कुलकर्णी बाई. शाळेतली. तुम्हाला आठवते का..."

"आठवते नं. निळ्या काठाचा रुमाल."

आईने डोळे मिटले. मग जे गाडीत मला सांगितलं होतं तेच सांगितलं, पिशवीसकट. मध्ये थांबली नाही, "तेव्हा सगळेच" म्हणाली नाही. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"बाई," मेश्राम बाई म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला कळतच नसेल. ते बरं होतं. तुम्हाला कळत होतं हे आज समजलं."

"हो. कळत होतं."

"आता माझे पाय दुखतात. तुमच्यामुळे नाही, वयामुळे." आणि त्या हसल्या, कोरडं. "जानेवारीत येता नं? शाळेला यंदा नवीन इमारत झाली म्हणे. पाहून येऊ. आता आपल्याला अर्धं तिकीट आहे. पण सकाळच्या गाडीला अजूनही तेवढीच गर्दी असते."

"मी लवकर जाईन स्टँडवर," आई म्हणाली.

"पाहू," मेश्राम बाई म्हणाल्या. त्यांनी "माफ केलं" म्हटलं नाही, आईने विचारलंही नाही.

या सहलीतून माझ्याजवळ काय उरलं? आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दरवर्षी दुपट्टे आणि पर्स टाकून पहिली रांग धरते. आपल्या ग्रुपसाठी. यंदा गणपतीत एक नवीन जोडपं दोन तास भिंतीला टेकून उभं होतं. विद्यार्थी असावेत. मी त्यांना पाहिलं होतं. हे लिहायला तीन वेळा बसले आणि तीनदा खोडलं, कारण आईविषयी लिहिणं सोपं होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायचं काम यंदा मी मागून घेतलं आहे.

काल आईच्या बॅगा भरायला घेतल्या. धुतलेला रुमाल मी कपड्यांच्या घडीत सरकवत होते. आईने माझ्या हातातून घेतला.

"बॅगेत नको," ती म्हणाली. "पर्समध्ये राहू दे, वरच."