मुंजाबानं उचललेला भंडारा

आमची कंपनी चिकलठाण्यात कुकरच्या रबरी रिंगा बनवायची आणि तिचा एक फुटबॉल क्लब होता. हसू नका. मोठे साहेब कलकत्त्याला शिकलेले. तिथून ते हे वेड घेऊन आले आणि ते आम्हाला भोवलं. मी स्टोअरकीपर. चेंडू स्टोअरमध्ये ठेवायचा, म्हणून क्लबचा मॅनेजरही मीच.

दहा जण कसेबसे जमवले, पण गोलकीपर मिळेना. मैदान मुरमाचं. त्यावर अंग टाकून गुडघे सोलून घ्यायला कोण तयार होणार?

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीला, दुष्काळानं शिवारात हिरवी काडी ठेवली नव्हती. फक्त आमच्या गोलच्या मागं कँटीनचं सांडपाणी जायचं, तिथं गवत माजलेलं. मुंजाबा धनगर चाळीस मेंढरं घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला.

साहेब म्हणाले, "मेंढरं चरू दे. तू गोलमध्ये उभा राहा."

मुंजाबा उभा राहिला. साहेबांनी त्याला बदली कामगार म्हणून लावून घेतलं आणि वर सांगितलं, "ज्या मॅचला एकही गोल खाणार नाहीस, त्या दिवशी तुला कायम करतो." नुसत्या मेंढरांवर आता घर चालणार नाही, हे मुंजाबाला कळून चुकलं होतं. त्यामुळे प्रत्येक चेंडूवर तो जिवाच्या आकांतानं झेपावायचा. तरी दर मॅचला सात-आठ गोल व्हायचेच, कारण त्याच्या पुढं बचावाला फकिरा होता. पॅकिंगमधला हा फकिरा मॅच चालू असताना तंबाखू मळायचा. नावानं हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे. शेवटी मुंजाबा त्याला मेंढरांसारखाच बोलवायला लागला, "हिर्र्र्र!" गंमत म्हणजे फकिरा तेवढ्याला यायचा.

मग सिल्लोडची टीम आली. का कोण जाणे, त्या दिवशी मुंजाबाच्या अंगात वारं शिरलं होतं. शेवटची दोन मिनिटं उरली तरी गोल नाही. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. गोलच्या मागं मेंढरं राखत बसलेली सारजाबाई, मुंजाबाची बायको, तीही उठली. तेवढ्यात सिल्लोडचा कप्तान मोईन चेंडू घेऊन एकटाच सुटला. फकिरा पार पलीकडं बुटाची नाडी बांधत होता.

"हिर्र्र्र!" मुंजाबा ओरडला.

फकिरानं मान वर केली. मेंढरांनी मात्र मान वर केली नाही, ती थेट निघालीच. चाळीसच्या चाळीस दोन खांबांमधून मैदानात घुसली. मोईन एका एडक्यावर आडवा झाला आणि चेंडू कुठं गेला ते कोणालाच कळलं नाही. औरंगपुऱ्यातल्या शाळेचे पीटी मास्तर पंच होते. त्यांनी शिट्टी मारली, नियमांचं पुस्तक काढलं, आणि त्यात मेंढरू सापडेना म्हणून घाम पुसला.

मोईन धूळ झटकत आला. "इसने बुलाया मेंढरां को! भंडारा उठवाओ इससे. धनगर भंडारे पे झूट नई बोलता."

मास्तरांना ते पटलं. खंडोबाचा भंडारा कुठून आणायचा? मी पळत गेलो आणि कागदाच्या पुडीतून घेऊन आलो. एवढ्या लवकर कुठून आणला, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही.

मुंजाबानं पिवळी मूठ पुढं धरली. "म्या फकिराला हाक मारली. मेंढरांना नाय."

मॅच शून्य-शून्य सुटली. आठवड्यात मुंजाबा कायम झाला.

क्लबचा पुढचा इतिहास फार मोठा नाही. साहेब पुण्याला गेले, नव्या साहेबांनी गोलचे खांब कापून सायकल स्टँडला लावले, आणि दोन हजार तीनला कंपनीलाही कुलूप लागलं. तीनशे माणसं घरी बसली, त्यात मीही. शहर वाढत आलं आणि मैदानावर रो-हाऊस उभी राहिली.

दोन हजार बाराच्या दुष्काळात मी उस्मानपुऱ्याहून भाचीचं घर बघायला तिथं गेलो, तर गेटवर वॉचमन मुंजाबा! टँकरची वाट बघत बसलेला. जुन्या गोलच्या जागीच त्याची खुर्ची होती. चहा झाला आणि तो एकदम म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी म्या मेंढरांनाच हाक मारली व्हती."

मी रिकामा कप खाली ठेवला.

"खोटा भंडारा उचलला म्या. त्याच साली धा मेंढरं मेली. मंग साहेब गेले, क्लब गेला, कंपनी गेली. तीनशे घरं बुडवली म्या, भाऊ. आता हे पाणीबी गेलं."

सव्वीस वर्षं हा माणूस एवढं ओझं एकटा वाहत होता आणि मी इकडं मजेत हा किस्सा लग्नाकार्यात सांगत फिरत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"मुंजाबा," मी म्हणालो, "तो भंडारा नव्हताच रे. कँटीनमधली हळद होती. आचाऱ्याच्या डब्यातून मीच उचलून आणली होती. कुठल्या देवापुढं ठेवलेली नव्हती."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं तळहात उघडून बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं बघून विचारलं,

"मंग कंपनी कशानं बंद पडली?"