एका बाईची एक ओळ

आदरणीय डॉ. यशवंतराव ढोमणे यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना मी प्रथम पाहिले ते बाभुळगावच्या दवाखान्यात. नोंदी ठेवायला माणूस हवा होता. मी सातवी नापास. डॉक्टरसाहेबांनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाले, “उद्यापासून या.”

जवळच्या तांड्यावर अंगावर पाजणाऱ्या बायांना दूधभुकटी सुरू झाली होती. भुकटीने बायांचे वजन वाढते हे सिद्ध झाले, तरच ती पुढे मिळणार होती. त्याच वीस बाया तीनदा तोलायच्या: आरंभी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. डॉक्टरसाहेबांनी तक्ता आखून दिला. एका बाईची एक ओळ, ओळीत तीन रकाने.

“एक बाई धिप्पाड, दुसरी काटकुळी,” ते म्हणाले. “त्यांची आपसात तुलना केली, तर भुकटीचा फरक त्यात बुडून जाईल. प्रत्येकीला तिच्याच आधीच्या वजनाशी ताडायचे.”

तिसऱ्या खेपेला मी घोळ केला. बायांच्या पायांतले चांदीचे जड वाळे मला पहिल्यापासून खटकत होते. वजन अचूक यावे म्हणून मी ते काढायला लावले, आणि सगळ्यांची वजने उतरली! चूक उमगली ती रात्री तक्ता पाहताना. नोकरी जाणार, आणि माझ्यापायी बायांची भुकटीही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कबुली दिली. भीत भीत विचारले, “वाळ्यांचे वजन अंदाजाने मिळवू का?”

“अंदाज नाही. छकडा जुंपायला सांगा, काटा घ्या.”

तांड्यावर त्या वीस बायांपैकी सोनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काल म्हणे काढा, आज म्हणे घाला! डागदर, आमाले तोलून राह्यले का आमच्या चांदीले?”

बाया खो खो हसल्या. मी मान खाली घातली.

“चूक आमची हाय, बाई,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “पयल्या दिवशी होत्या तशाच उभ्या राहा. वाळे तिन्ही बारीले तेच असले, म्हंजे वाढल्या त्या तुमीच.”

कोणाच्या अंगावर काय होते, हे पहिल्या दिवशी, काही चुकेल या भीतीने, मी समासात लिहून ठेवले होते. ते वाचत एकेकीला काट्यावर घेतले. डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, “तुमची भीती आज कामी आली.”

परतल्यावर त्यांनी बायाबायांमधला फरक आधी वेगळा काढला आणि मग तिन्ही खेपांमधला फरक तपासला. गणित मला अर्धेच कळले. निष्कर्ष पुरता कळला. बायांच्या वजनातली वाढ निव्वळ योगायोगाची नव्हती. अहवालात त्यांनी घोळही नोंदवला, ‘आमची चूक’ म्हणून. माझे नाव नाही. भुकटी चालू राहिली, आणि मीही.

तेव्हापासून दर वाढदिवशी आम्ही डॉक्टरसाहेबांना त्याच काट्यावर उभे करतो, पहिल्या वर्षी होते तसेच, बूट घालून. त्यांना उत्तम आरोग्य लाभो आणि त्यांची ओळ लांबच लांब होत जावो. रकाने आखायला मी आहे.